गुंड्या अंघोळीला घाबरतो, आणि आता त्याने दात लावलेत

पत्र:

ताई, आमचा कुत्रा गुंड्या 3 वर्षांचा आहे, मागच्या वर्षी आम्ही त्याला दत्तक घेतला. मध्यम अंगाचा, दाट केसांचा, घरात एकदम शहाणा. फक्त अंघोळ म्हटलं की वेगळाच कुत्रा होतो. रविवारी मी टॉवेल काढला तरी त्याला कळतं आणि तो पलंगाखाली जाऊन बसतो. मी हाक मारते, आला तर ठीक, नाहीतर नवरा ओढून काढतो, मग बाथरूमचं दार लावून एकाने धरायचं आणि एकाने शॉवर मारायचा असं चालतं. मागच्या रविवारी त्याने नवऱ्याच्या हाताला दात लावले. रक्त नाही आलं पण मी जोरात ओरडले, आणि नंतर दोन दिवस तो माझ्याजवळ आलाच नाही. ओळखीतले एक जण म्हणतात घट्ट धरून घालतच राहा, चार-पाच वेळा झालं की गप उभा राहील. दुसरे म्हणतात झोपेची गोळी द्या. पण दर आठवड्याला अंघोळ नाही घातली तर वास येतो, करायचं काय? हल्ली डोकं पण सारखं झटकतो, तो पण अंघोळीचाच राग का?

उत्तर:

सगळ्यात आधी ते डोकं झटकणं. ते अंघोळीच्या रागाने नाहीये गं. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल, कान खाजवत असेल, एका बाजूला मान वाकडी करत असेल तर बहुतेक वेळा कानात काहीतरी झालेलं असतं, इन्फेक्शन किंवा गोचीड किंवा काहीतरी अडकलेलं, आणि दर रविवारी डोक्यावर शॉवर घेणाऱ्या दाट केसांच्या कुत्र्याच्या कानात ओल राहून इन्फेक्शन होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे बघ, त्याला दर आठवड्याला दुखऱ्या कानावर पाणी आणि धरलेलं डोकं हे सहन करावं लागत असेल. दुखत असताना कुठलंही ट्रेनिंग चालत नाही, त्यामुळे पहिलं काम व्हेटकडे म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे जाणं, याच आठवड्यात. वासाचं पण तिथेच सांग. निरोगी कुत्र्याला आठवड्यात असा वास येत नाही की अंघोळ घालावीच लागेल. वास येतोय म्हणजे कान, दात, त्वचेवरची बुरशी नाहीतर शेपटीखालच्या ग्रंथी यातलं काहीतरी असू शकतं, आणि शॅम्पूने तो दोन दिवस झाकला जातो एवढंच.

दुसरं, रविवारची अंघोळ आजपासून बंद. कायमची नाही, पण निदान महिना-दीड महिना तरी. मला माहितीये हे ऐकून तुला कसंतरी होईल, पण त्याची त्वचा खरंच दर आठवड्याची अंघोळ मागत नाही. केसांना आणि कातडीला राखणारं जे नैसर्गिक तेल असतं ते सारखं धुऊन निघालं की त्वचा कोरडी पडते, खाज सुटते, आणि मग माणसं म्हणतात खाजवतोय म्हणजे अंघोळ हवी. बहुतेक कुत्र्यांना महिन्याने किंवा त्याहूनही उशिरा घातली तरी भागतं, व्हेटने त्वचेसाठी औषधी शॅम्पू दिला असेल तर गोष्ट वेगळी. तोपर्यंत रोज ब्रश कर, बाहेरून आल्यावर पंजे ओल्या फडक्याने पूस, आणि आठवड्यातून एकदा अंगावरून नुसतं ओलं करून पिळलेलं फडकं फिरव, बास.

आता दातांबद्दल. त्याने दात लावले आणि रक्त आलं नाही, याचा अर्थ त्याने स्वतःला आवरलं. कुत्र्याला चावायचंच असेल तर तो चुकत नाही, त्याचा जबडा आपल्या हातापेक्षा कितीतरी जलद असतो. त्याने जेवढं सांगता येईल तेवढं सौम्यपणे सांगितलं, आणि मला खात्री आहे त्याआधी पण बरंच काही सांगून झालं होतं. आठवून बघ, तो ओठांवरून जीभ फिरवत होता का, झोप आलेली नसताना जांभया देत होता का, तोंड दुसरीकडे फिरवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता का म्हणजे डोळ्यातला पांढरा भाग दिसतो तसं, कान मागे, शेपूट पोटाखाली, एक पंजा वर धरून ठेवलेला, अंग एकदम ताठ. हे सगळं भीतीचं बोलणं आहे आणि शॉवरच्या गडबडीत ते कोणी बघितलं नसणार. तू ओरडलीस ते मी समजू शकते, नवऱ्याच्या हाताला दात लागल्यावर कोण शांत राहील. पण पुढच्या वेळी तो गुरगुरला तर त्याला रागावू नका, तिथेच हात बाजूला घ्या. गुरगुरण्यावर ओरडा बसला की कुत्रा घाबरायचं थांबत नाही, फक्त गुरगुरायचं थांबतो, आणि मग एक दिवस काहीच न सांगता सरळ चावतो, तेव्हा लोक म्हणतात अचानक चावला.

घट्ट धरून घालत राहायचं आणि चार-पाच वेळा झालं की गप उभा राहतो, यावर मला थोडं सविस्तर बोलायचंय कारण हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि वाईट म्हणजे तो खरा झाल्यासारखा दिसतो. कुत्रा गप उभा राहतो हे खरंच होतं. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता, आज वाचताना पोटात कालवतं असा. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके बसत होते आणि काहीही केलं तरी ते थांबवता येत नव्हते, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी पुढे सुटायची वाट समोर असतानाही ती वापरली नाही, पडून राहिले आणि झटके सोसत राहिले. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही हे ते शिकले होते. तुझा शॉवर म्हणजे विजेचा झटका नाही हे मान्य, पण दार बंद, चार हातांनी धरलेलं, ओरडून उपयोग नाही, पळून उपयोग नाही, यातून कुत्रा जे शिकतो ते त्याच जातीचं असतं. असा गप उभा असलेला कुत्रा नीट बघितलास तर कळेल, मान खाली, शेपूट आत, हाक मारली तरी बघत नाही, आवडता खाऊ नाकासमोर धरला तरी घेत नाही. त्याने अंघोळ स्वीकारलेली नसते, त्याने हात टेकलेले असतात.

उलट दिशेने जायचा रस्ता पण बराच जुना आहे. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईने सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावर काम केलं, तो आवडीचं खात असताना ससा आधी खोलीत लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ, मुलाचं खाणं आणि मजा चालू राहील इतक्याच वेगाने, आणि शेवटी ते मूल सशाशी खेळायला लागलं. आजचे चांगले डॉग ट्रेनर भीतीसाठी जे करतात त्याच्या मुळाशी हेच आहे. दोन गोष्टी त्यात सांभाळायच्या, भीतीची वस्तू इतकी कमी ताकदीची की कुत्रा घाबरणारच नाही, आणि तिच्या मागोमाग येणारी मस्त गोष्ट.

आता गुंड्या नक्की कशाला घाबरतो ते शोध. अंघोळ ही एक भीती नसते, बऱ्याच भीत्या एकाला एक बांधलेल्या असतात आणि त्या आपल्याला सोडवायच्यात. पाय घसरणारी फरशी, पाण्याचा आवाज, बंद दार, वरून डोक्यावर येणारी धार, धरून ठेवणं, शॅम्पूचा वास. माझा अनुभव असा की लोक पाण्यावरच अडून बसतात आणि बऱ्याचदा खरा घोळ फरशीचा असतो. ओल्या टाइल्सवर कुत्र्याचे पंजे धरत नाहीत, तो नखं रुतवून पकड घ्यायला बघतो आणि त्याने अजूनच घसरतो, चारही पाय फाकतात, आणि त्याच वेळी वरून पाणी. आवाजाचं म्हणशील तर आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त, 45 हजारांच्या आसपास, त्यामुळे शॉवरचा फुस्स आवाज आणि टाइल्सवरून उलटून येणारा प्रतिध्वनी त्याला आपल्याहून फार वेगळा लागत असणार. शोधायचं कसं, तर खाऊ घेऊन. त्याचा सगळ्यात आवडता खाऊ, उकडलेलं बिनमसाल्याचं चिकन वगैरे, बारीक तुकडे करून घे आणि एकेक गोष्ट वेगवेगळ्या दिवशी करून बघ. कोरड्या बाथरूमच्या दारात खातो का? आत खातो का? लांबून नळाचा आवाज आला तर खातो का? जिथे तो खाऊ घ्यायचा थांबला किंवा एरवी हळूच घेणारा कुत्रा ओरबाडून घ्यायला लागला तिथे त्याची रेघ आहे, आणि आपल्याला कायम त्या रेघेच्या अलीकडे काम करायचंय.

काम सुरू करायच्या आधी एक नियम घरातल्या सगळ्यांना सांग, नवऱ्याला विशेष. गुंड्याला अंघोळीसाठी हाक मारायची नाही. आत्ता तुझ्या हाकेचा अर्थ त्याच्या डोक्यात कधी लाड, कधी शॉवर असा झालाय, आणि उद्या रस्त्यावर पट्टा सुटला तर हीच हाक तुला लागणार आहे, तिची किंमत घालवू नकोस. आणि पलंगाखालून ओढून काढणं पूर्ण बंद, ती त्याची सुरक्षित जागा आहे, ती तशीच राहू दे.

खाऊचा क्रम पण नीट लक्षात ठेव कारण इथे जवळजवळ सगळ्यांचं बिघडतं. आपण काय करतो, चिकन दाखवत दाखवत त्याला बाथरूममध्ये नेतो आणि तो आत आला की दार लावतो. म्हणजे आधी चिकन, मग भीती. दोनदा असं झालं की चिकन दिसलं तरी तो पळतो, हातातलं सगळ्यात चांगलं हत्यार गेलं. क्रम उलटा हवा, आधी भीतीची छोटीशी गोष्ट, एक सेकंद जाऊ दे, मग खाऊ. नळाचा बारीक आवाज, मग चिकन. आवाज बंद, चिकन बंद. पाव्लोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कुत्र्यांचं पण तेच ना, आधी आवाज मग खाणं, उलटं केलं तर हवं ते शिकणं फारसं होत नाही.

सुरुवात कोरड्या बाथरूमपासून कर. पूर्ण फरशीवर रबरी मॅट टाक, अर्धी नको, पूर्ण, म्हणजे कुठेही पाय ठेवला तरी पकड मिळेल. मॅट आधी दोन-चार दिवस हॉलमध्ये टाकून त्यावर जेवायला दे, मग बाथरूममध्ये ने. दार उघडं. तू आत बसून राहा, तो डोकावला तरी तुकडा, एक पंजा आत टाकला तरी तुकडा, परत बाहेर जायचं तर जाऊ दे. दोन-तीन मिनिटं, आणि त्याला अजून हवं असतानाच संपव. हे वाचायला सोपं वाटतं पण आपल्यालाच राहवत नाही, आज छान आलाय आत तर थोडं पाणी टाकूनच बघू असं वाटतं, तो मोह टाळ, त्या एका मोहात आठवड्याची मेहनत जाते.

आत येऊन आरामात बसायला लागला, म्हणजे एका ढुंगणावर रेलून वगैरे बसायला लागला की आवाज. तो बाथरूमच्या बाहेर असताना नळ अगदी बारीक, खाली बादलीत फडकं टाकून ठेव म्हणजे पाणी आदळल्याचा आवाज मरतो. मग तो दारात असताना, मग आत असताना. शॉवर विसरून जा, कदाचित कायमचाच, मगने अंगाला चिकटून हळू ओतलेलं पाणी किंवा ओला स्पंज यानेही कुत्रा स्वच्छ होतो. स्पर्श मात्र बाथरूममध्ये शिकवू नको, हॉलमध्ये शिकव, कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं आधी खांद्याला, मग पाठीला, मग पायांना. डोकं सगळ्यात शेवटी, आणि कान बरा झाल्याशिवाय तर नाहीच.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. खुर्चीवर टॉवेलची घडी ठेव आणि त्यावर हनुवटी टेकायला शिकव, टेकली की खाऊ, मग दोन सेकंद टेकवून ठेवली की खाऊ, असं वाढवत ने. छान जमलं की हनुवटी टेकलेली असतानाच फडकं फिरवायचं आणि त्याने हनुवटी उचलली की त्या क्षणी हात काढायचा. दर वेळी. एकदाही ‘थांब जरा झालंच’ करायचं नाही. यातून त्याच्या हातात थांबवायचं बटण येतं, आणि गंमत म्हणजे बटण चालतं याची खात्री झाली की बरीच कुत्री ते फारसं वापरत नाहीत. प्राणिसंग्रहालयात मोठमोठ्या जनावरांना बेशुद्ध न करता रक्त काढून घ्यायला शिकवतात ते अशाच प्रकारे, जनावर स्वतः पुढे येतं आणि स्वतः मागे जाऊ शकतं. आपला 15-20 किलोचा कुत्रा आपण उचलू शकतो म्हणून आपल्याला विचारायची गरज वाटत नाही एवढाच फरक.

भिंतीला चिकटणारे लिक मॅट मिळतात, त्यावर पीनट बटर फासून देतात, ते चालेल, पण डब्यावरचे घटक वाच, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) असेल तर अजिबात नाही, कुत्र्यांसाठी ते विष आहे. आणि मॅट चाटतोय म्हणजे तो खूश आहे असं धरून उरलेला कुत्रा घाईघाईत धुऊन काढू नको, चाटता चाटता अंग ताठ आहे का ते बघत राहा. खाणं संपलं की त्याला एकदम कळतं आपण कुठे आहोत, म्हणून मॅट संपायच्या आधी तू संपव.

किती दिवस लागतील ते मी सांगणार नाही. आठवडे लागतील एवढं नक्की, आणि तो एका पायरीवर अडकला तर मागच्या पायरीवर जायचं, त्याला हट्टी म्हणायचं नाही.

पहिली खरी अंघोळ अर्धीच घाल, फक्त मागचे पाय आणि पोट धुऊन बाहेर ये, बाकी पुढच्या वेळी. आधी कोरड्या केसांवर ब्रश करून गुंता काढ, कारण गुंता ओला झाला की आवळतो आणि कातडी ओढली जाते, मग तो दुखण्याचा हिशोब पण अंघोळीच्याच खात्यात जातो. पाणी कोमट, मनगटावर टाकून ना गार ना गरम लागेल असं. त्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअसच्या दरम्यान, आणि आपल्या आवडीचं कढत पाणी त्याला लवकर त्रास देतं. शॅम्पू कुत्र्यांचाच, आपला नाही आणि लहान बाळांचा पण नाही, आपल्या त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, साधारण 5 च्या आसपास असतो आणि कुत्र्याचा 7 च्या जवळ. तो पण आधी मगभर पाण्यात पातळ करून घे म्हणजे लवकर पसरतो आणि लवकर निघतो. भरपूर वासाचा नको, त्याचं नाक आपल्या कैक पटीने तेज आहे. टी ट्री ऑइल वगैरे कुणी सुचवलं तर कुत्र्यांना त्याची विषबाधा होऊ शकते हे सांग. तोंड आणि कानाच्या आजूबाजूला फक्त ओलं फडकं. व्हेटने औषधी शॅम्पू दिला तर तो बऱ्याचदा 10 मिनिटं अंगावर ठेवायचा असतो, तेव्हा जिथे जास्त त्रास आहे तिथून लावायला सुरुवात कर. पिसवांचं औषध मानेवर लावत असशील तर त्याच्या आधी-नंतर साधारण दोन दिवस अंघोळ नको, पाकिटावर लिहिलेलं असतं ते बघ.

झालं की टॉवेलने घासू नको, दाबून टिप. तो अंग झटकेल, झटकू दे. नंतर घरभर वेड्यासारखा पळेल, गालिच्यावर लोळेल, ते पण करू दे, फक्त घसरणार नाही एवढं बघ. दाट केसांच्या कुत्र्याचे आतले केस नीट वाळले पाहिजेत नाहीतर कातडीवर जखमा होऊ शकतात, पण त्यासाठी ड्रायर लावायचा तर तो पण असाच पायरीपायरीने शिकवावा लागेल, आत्ता टॉवेल आणि पंखा पुरे.

आणि हे सगळं चालू असताना मध्येच तो कशात तरी लोळून आला तर? तेवढाच भाग धू, बाथरूममध्ये नेऊ नको, बाहेर किंवा गॅलरीत, मॅटवर, ओल्या फडक्याने किंवा कुत्र्यांसाठीच्या वाइप्सने. त्याच्या डोक्यात बाथरूम नवीन अर्थ घेतेय, तिथे एकदा जुना प्रकार झाला तर परत शून्यावर. ऑइल, पेंट, केमिकल असं काही लागलं असेल तर मात्र थांबायचं नाही, तो चाटायच्या आत व्हेटला फोन कर आणि ते सांगतील तसं कर.

गोळीबद्दल, आपल्या झोपेच्या गोळ्या कुत्र्याला कधीच द्यायच्या नाहीत. भीती खूप जास्त असेल तर व्हेट औषध देऊ शकतात आणि त्यात वाईट काही नाही, औषधाच्या मदतीने शिकणं सोपं होतं. पण स्पष्ट विचार की हे औषध भीती कमी करतं की फक्त सुस्ती आणतं, कारण काही औषधांनी अंग ढिलं पडतं आणि भीती आत तशीच राहते. दात लावलेत म्हणून मझलची, म्हणजे तोंडाला लावायच्या जाळीची सवय पण आत्तापासूनच लाव, बास्केट टाइपचं, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि खाऊ घेता येतो. त्यात खाऊ टाकून त्याला स्वतःहून नाक घालू दे, पट्टा नंतर. जबरदस्तीसाठी नाही, व्हेट कान तपासतील तेव्हा सगळ्यांनाच निवांतपणा मिळावा म्हणून. पहिल्या व्हिजिटपर्यंत हे जमणार नाही, तर फोनवरच सांगून ठेव की याने दात लावलेत, म्हणजे ते तयारीत राहतील.

मधल्या काळात ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांना अंघोळ घालून केस नीट करून देणाऱ्यांकडे पाठवायचं असेल तर आधी एकटी जाऊन ये, त्याला नेऊ नको. विचार की कुत्रा घाबरला तर तुम्ही काय करता, टेबलाला बांधता का, मध्येच थांबवून परत पाठवता का, आणि पहिल्या दोन-तीन वेळा मी समोर बसले तर चालेल का. पहिल्या प्रश्नाला ‘आमच्याकडे सगळी गप उभी राहतात’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघ आणि दुसरा शोध.